मधली प्रत कुठे आहे? देवलांची नाटके आणि भाषांतर अभ्यासातले प्रबंध

मंडळाच्या श्रावणातल्या बैठकीत गोविंद बल्लाळ देवलांच्या नाटकांवर होणाऱ्या पीएचडीच्या कामाविषयी मी जे बोललो, ते लिहून द्या असे काही सभासदांनी सांगितले. त्या दिवशी वेळ कमी पडला, आणि एक-दोन वाक्ये माझ्या तोंडून जरा तिखटच गेली. इथे तोच विषय सावकाश मांडतो.

आधी माझा अधिकार किती ते सांगतो. मी मेकॅनिकलचा इंजिनिअर. उद्यमबागेत कास्टिंग आणि मशिनिंगच्या कामात माझी उमेदीची वर्षे गेली. पीएचडी केलेली नाही, साहित्याचा वर्ग कधी पाहिलेला नाही. इतिहासाची गोडी लागली ती सार्वजनिक वाचनालयात, आणि मोडी शिकलो ते चाळिशीनंतर. त्यामुळे विद्यापीठातल्या कामावर टीका करताना मी बाहेरचा माणूस आहे हे वाचकांनी लक्षात ठेवावे. पण बाहेरच्या माणसाला कधीकधी दाराची चौकट वाकडी आहे एवढे तरी दिसते.

गेल्या मे महिन्यात भाषांतर अभ्यासात पीएचडी करणारी एक मुलगी माझ्याकडे आली. प्रबंध सादर व्हायचा आहे म्हणून तिचे नाव देत नाही. विषय देवलांची रूपांतरे. ‘संशयकल्लोळ’वरचे चाळीस पानांचे प्रकरण तिने वाचायला दिले. काम मनापासून केलेले, भाषा स्वच्छ. प्रकरणाचा कणा म्हणजे एक लांबलचक तक्ता. पहिल्या रकान्यात मोलिएरचे ‘स्गानारेल’, दुसऱ्यात देवल, तिसऱ्यात निष्कर्ष : काय वगळले, काय वाढवले, काय देशी केले. तक्त्याच्या शेवटी देवलांच्या प्रतिभेला नमस्कार.

मी प्रकरण वाचून संपवले आणि गप्प बसलो. कारण हीच चूक मी स्वतः केली होती, आणि तीही याच मंडळाच्या व्यासपीठावरून.

माझी चूक

बरीच वर्षे झाली. ‘देवल आणि मोलिएर’ असे भारदस्त नाव देऊन मी एक व्याख्यान दिले. मोलिएरचे १६६० सालचे छोटे एकांकी प्रहसन देवलांनी कसे फुलवले, एका जोडप्याचा संशय दोन जोडप्यांत कसा खेळवला, याचे मी रसभरीत वर्णन केले. टाळ्याही मिळाल्या. व्याख्यान संपल्यावर माझे शाळेतले एक वृद्ध मास्तर पुढच्या रांगेतून उठले.

“काय रे, देवल फ्रेंच कधी शिकले?”

“नाही सर, इंग्रजीतून घेतलं असणार.”

“कुणाच्या इंग्रजीतून, ते बघितलास काय?”

बघितले नव्हते. नाव मात्र माहीत होते. आर्थर मर्फी या आयरिश नाटककाराचे ‘ऑल इन द राँग’, १७६१ सालचे. देवलांनी हे नाटक पुढे ठेवून १८९३ साली ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ लिहिले, आणि त्याचेच पुढे संगीत ‘संशयकल्लोळ’ झाले, हे कुठल्याही वाङ्मयेतिहासात एका ओळीत असते. ती ओळ मी वाचली होती आणि ओलांडून गेलो होतो. घरी येऊन मर्फी मिळवला, वाचला, आणि कान लाल झाले. एका अंकाचे पाच अंक मर्फीनेच केले होते. संशयी नवरा, संशयी बायको आणि त्यांच्या जोडीला संशयी प्रियकर हा डाव त्यानेच ऐसपैस मांडला होता. देवलांच्या आधी १३२ वर्षे झालेल्या कामाचे श्रेय मी देवलांना देऊन बसलो होतो.

कारखान्यात याला साधा नियम आहे. जॉब मोजायला घेण्याआधी ड्रॉइंगवरचा रिव्हिजन नंबर बघायचा. एकदा आमच्याकडे एका इन्स्पेक्टरने जुन्या ड्रॉइंगवरून कास्टिंगची अख्खी खेप रिजेक्ट केली. गेज बरोबर होते, त्याचे मोजणेही बरोबर होते, आणि जॉब तर अगदी बरोबर होता. चुकीचा होता तो समोरचा कागद. भाषांतराच्या प्रबंधातले तक्ते वाचताना मला ती खेप आठवते.

मर्फी मध्ये ठेवला की काय दिसते

कुणी म्हणेल, मधले नाव एक आले काय आणि गेले काय, फरक काय पडतो? म्हणून तो फरकच दाखवतो.

मोलिएरकडून मर्फीमार्गे देवलांकडे जे आले त्याची यादी छोटी आहे. रस्त्यात मुलीला घेरी येते, एक विवाहित गृहस्थ तिला सावरतो, ते त्याची बायको पाहते. मुलीच्या हातून प्रियकराची तसबीर पडते, ती त्या बायकोला सापडते, आणि ती तसबीर न्याहाळताना नवरा तिला पाहतो. एवढ्या दोन अपघातांवर सगळा घोटाळा उभा आहे. तिन्ही नाटकांत हा सांगाडा तोच आहे. इथे देवलांचे काही नाही, आणि नाही म्हणण्यात त्यांचा अपमानही नाही.

आता मर्फीची बेलिंडा आणि देवलांची रेवती शेजारी उभ्या करा. बेलिंडा घरंदाज बापाची मुलगी. बाप तिचे लग्न दुसरीकडे ठरवतो, म्हणून तिची धडपड. रेवतीला असा बाप नाही. ती मघा नायकिणीची मुलगी. देवलांनी केलेला सगळ्यात मोठा बदल हा, आणि तो मर्फीशेजारी ठेवल्याशिवाय नीट दिसतच नाही, कारण मोलिएरशी ताडताना इतका पसारा बदललेला दिसतो की त्यात हा एक बदल हरवून जातो. त्या मुलीच्या तक्त्यात तो सव्विसाव्या ओळीत होता आणि पुढे निष्कर्ष होता, ‘देशीकरण’.

देशीकरण खरे, पण कसले? १८९३ साल आहे. दोनच वर्षांपूर्वी, १८९१ साली, संमतिवयाचा कायदा झाला. वय दहावरून बारावर न्यायचे म्हटल्यावर महाराष्ट्रात केवढे रान पेटले होते ते आपल्याला माहीत आहे. जिथे घरंदाज मुलींची लग्ने त्या वयाच्या आगेमागे होतात, तिथे वयात आलेली, अविवाहित, स्वतःच्या पसंतीच्या पुरुषाची तसबीर जवळ बाळगणारी आणि एकटी बाहेर पडणारी मुलगी पांढरपेशा घरात दाखवायची कुठून? प्रेक्षकाला ती पटली नसती. देवलांच्या समाजात एवढी मोकळीक असलेली तरुण स्त्री नायकिणीच्याच घरात सापडत होती. म्हणून बेलिंडाची रेवती झाली. मला हा बदल सोयीचा वाटत नाही, भाग पडलेला वाटतो.

आणि एकदा तो केल्यावर नाटकाचा तोल बदलला. मर्फीचा बेव्हर्ली संशय घेतो तो स्वभावाने. आश्विनशेठचाही स्वभाव संशयीच, पण त्याच्या संशयाला समाजाचे पाठबळ आहे. नायकिणीची मुलगी एकनिष्ठ राहील काय, हा प्रश्न थिएटरात बसलेल्या प्रत्येकाच्या मनात आधीच आहे. देवल तो प्रश्न हसत हसत उभा करतात आणि रेवतीच्या बाजूने सोडवतात. प्रहसनाच्या पोटात त्यांनी हे केले आहे. हे मर्फीत नाही, मोलिएरमध्ये तर नाहीच नाही. हे देवलांचे.

आणखी एक गोष्ट मला सुचते, ती माझा तर्क म्हणून घ्यावी. ‘फाल्गुनराव’मधून मुलीचे लग्न ठरवणारा बाप देवलांनी काढून टाकला. सहा वर्षांनी, १८९९ साली, ‘शारदा’त बाप परत आला, तो कांचनभट होऊन, पैशासाठी मुलगी म्हाताऱ्याला द्यायला निघालेला. देवलांच्या सात नाटकांत ‘शारदा’ तेवढे स्वतंत्र, बाकीची सहा रूपांतरे, असे आपण पाठ केलेले असते. पण रूपांतर करताना ज्या जागी हात अडला, त्याच जागेतून पुढचे स्वतंत्र नाटक निघाले असेल तर? अशा प्रश्नावर पीएचडी व्हावी. तक्त्यातून हा प्रश्न निघत नाही.

हे एकट्या ‘संशयकल्लोळ’चे नाही

‘दुर्गा’ (१८८६) घ्या. मूळ नाटक टॉमस सदर्नचे ‘द फेटल मॅरेज’, १६९४ सालचे, असे लिहून बरेच जण पुढे जातात. पण अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि नंतर रंगभूमीवर चालले ते डेव्हिड गॅरिकने १७५७ साली छाटून केलेले ‘इझाबेला’. गॅरिकने सदर्नचे विनोदी उपकथानक सबंध कापले. आता कुणी सदर्नचे मूळ घेऊन ताडून बघितले आणि ‘देवलांनी विनोद वगळून करुणरस एकसंध केला’ असे लिहिले, तर पुन्हा कात्री एकाची आणि कौतुक दुसऱ्याचे. खरे बघायचे ते वेगळेच आहे. नवरा मेला असे समजून पुन्हा लग्न केलेली बाई आणि परत आलेला पहिला नवरा, हा या नाटकाचा विषय. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालचा. पण १८८६ साली असे लग्न करणाऱ्यांवर बहिष्कार पडत होता. त्या विषयाला हात घालताना देवलांनी काय केले हे बघायला गॅरिकची प्रत उघडावी लागेल.

एक धागा इथे सांगून ठेवतो. मिसेस इंचबाल्ड यांनी १८०८ साली ‘ब्रिटिश थिएटर’ नावाची पंचवीस भागांची माला काढली. ‘इझाबेला’ आणि ‘ऑल इन द राँग’ ही दोन्ही नाटके तिच्यात आहेत. देवलांच्या हाती हीच माला होती असा माझा दावा नाही. पण लंडनच्या रंगभूमीवर शिळी झालेली दोन नाटके एकाच मराठी मास्तराच्या टेबलावर कशी येतात, याचा शोध शाळा-कॉलेजांच्या जुन्या ग्रंथयाद्यांत घ्यायला हवा एवढे नक्की.

संस्कृत नाटकांत तरी मधले कुणी नाही ना? तिथेही आहे. देवलांचे ‘मृच्छकटिक’ येण्याच्या बऱ्याच आधी, १८६२ साली, परशुरामपंत तात्या गोडबोल्यांचे मराठी भाषांतर झाले होते. ‘शाकुंतल’ही गोडबोल्यांनी १८६१ साली केले होते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले ते ३१ ऑक्टोबर १८८० रोजी. म्हणजे देवल आणि किर्लोस्कर हे गुरुशिष्य लिहायला बसले तेव्हा मराठी शब्द आधीच हजर होते. शिवाय खुद्द कालिदासाच्या ‘शाकुंतला’चे बंगाली, देवनागरी, काश्मिरी, दाक्षिणात्य असे वेगवेगळे पाठ आहेत. सर विल्यम जोन्सने १७८९ साली इंग्रजीत आणले ते बंगाली पाठावरून, आणि त्या पाठात तिसरा अंक बराच लांब आहे. तेव्हा तिसऱ्या अंकात मराठी कवीने काही गाळले असे म्हणण्याआधी, ते त्याच्या पोथीत होते काय हे विचारावे लागते.

कानडी कुठे गेली?

आता आपल्या गावच्या दुखण्याकडे येतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, त्याआधी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले होते, ही गोष्ट मराठी रंगभूमीच्या प्रत्येक इतिहासात पहिल्या पानावर असते. दुसऱ्या पानापासून कानडी नाहीशी होते. पुढचे सगळे संस्कृत नाहीतर इंग्रजी.

किर्लोस्करांचा जन्म गुर्लहोसूरचा, नोकरी बेळगावची. देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे, पण शिकले इथे आणि मास्तरकीही इथे केली. या दोघांच्या कानांवर रोज कानडी पडत होती. चुरमुरी शेषगिरीरावांचे कन्नड ‘शाकुंतल’ किर्लोस्करांच्या आधीचे आहे. कन्नड नाट्य-अभ्यासक त्याचा किर्लोस्करांशी संबंध जोडतात. मी वाचलेल्या एकाही मराठी प्रबंधात हे नाव मला भेटले नाही. १८८० साली पारशी मंडळीचे ‘इंद्रसभा’ पाहून किर्लोस्करांना संगीत नाटक सुचले ही गोष्ट आपण आवडीने सांगतो. मुंबईच्या पारशी मंडळींचे देणे मान्य करायला अभिमान आड येत नाही. शेजारच्या गल्लीतल्या भाषेचे देणे मानायला मात्र येतो. सीमाप्रश्नाने आपल्याला जे शिकवले त्यात हेही एक. संबंध आहेच असे मी म्हणत नाही; दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून बघावे असे म्हणतो. आणि ते बघण्याची दोन्ही भाषांची तयारी ज्यांच्याकडे आहे, ती आपली बेळगावची मुले पुण्या-मुंबईच्या प्रबंधांचा साचा उचलून मोलिएरचे तक्ते भरत बसली आहेत.

दोष कुणाचा?

त्या मुलीला मी मर्फीविषयी विचारले.

“काका, मर्फीचं नाव पहिल्या प्रकरणात आहे की.”

“मग तक्त्यात का नाही?”

“मोलिएर जगात गाजलेला. तुलना त्याच्याशी केली तर वजन येतं असं सगळ्यांनीच सांगितलं. आणि मर्फी कोण वाचतंय आता?”

उत्तर प्रामाणिक होते. दोष तिचा एकटीचा नाही. मधला माणूस बहुतेक वेळा दुय्यम असतो, विसरलेला असतो, आणि त्याच्या नावाने परिसंवादात कुणी बोलावत नाही. म्हणून तुलना शिखराशी करायची. ‘मूळ’ ठरते ते पुराव्याने नव्हे, नावाच्या वजनाने.

सिद्धांताचेही तसेच. प्रबंधांच्या दुसऱ्या प्रकरणात नायडा हमखास असतो. त्याची मांडणी बायबलच्या भाषांतराच्या अनुभवातून आलेली. तिथे मूळ वचन पवित्र आणि ते पोचवणे हे कर्तव्य. नाटक मंडळीसाठी लिहिणाऱ्या देवलांना ती चौकट कशी बसणार? उलट गिडियन टूरी हा अभ्यासक सांगतो की भाषांतर ही ज्या समाजात ते वाचले जाते त्या समाजाची वस्तू आहे, तिथूनच अभ्यास सुरू करा. आणि मधल्या भाषेतून झालेली भाषांतरे तो हीन न मानता पुरावा मानतो. आंद्रे लफेव्हर विचारतो की भाषांतराला आश्रय कुणाचा, पैसा कुणाचा. ही दोन्ही नावे त्या प्रबंधाच्या संदर्भसूचीत होती. प्रकरणात त्यांचा उपयोग कुठे नव्हता. हत्यार पेटीत ठेवून हाताने नट आवळण्यासारखे झाले.

पण आता आपल्याकडेही बघूया. आपण इतिहासवाले काय करतो? ‘देवल आमचे, किर्लोस्कर आमचे’ म्हणून पाट्या लावतो, जयंतीला हार घालतो. देवल इथल्या वर्गात कोणते इंग्रजी पुस्तक शिकवत होते हे आपल्यापैकी कुणी शोधले? मी तरी नाही. १८४८ पासूनचे वाचनालय गावात आहे. विद्यापीठाच्या मुलांना आपण कागद शोधायला सांगतो, आणि आपण स्वतः सालांच्या याद्या करून थांबतो. रेवती नायकिणीची मुलगी का झाली, हा प्रश्न आपल्या एकाही निबंधात आलेला नाही. प्रश्न विचारायची सवय त्यांच्याकडे आहे, कागद हाताळायची आपल्याकडे. एकमेकांशिवाय दोघेही अर्धेच.

पुढे काय

त्या मुलीला मी तीनच गोष्टी सुचवल्या. प्रत्येक नाटकासाठी आधी एक पान लिहावे : लेखकाला कोणत्या भाषा येत होत्या, त्याच्या आधी मराठीत काय झाले होते, आणि त्याच्या समोर कोणती प्रत असणे शक्य होते. ते पान भरल्याशिवाय ‘वगळले’, ‘वाढवले’ हे शब्द वापरू नयेत. आणि तक्त्यात मर्फीचा रकाना घालावा, मोलिएर पाठीमागे न्यावा.

ती बराच वेळ पाने चाळत बसली. मग म्हणाली, “काका, असं केलं तर तक्त्यातलं निम्मं जातंय. सहा महिने वाढवून मागावे लागतील.”

सहा महिने म्हणजे काय हे मला कळते. शिष्यवृत्तीची मुदत, घरचे लग्नाचे बोलणे, नोकरीच्या जाहिराती. माझ्या चुकीने माझे एक व्याख्यान वाया गेले, तिची तीन वर्षे पणाला लागली होती. म्हणून मी जोर केला नाही. श्रावणातल्या बैठकीला ती आली तेव्हा मुदतवाढीचा अर्ज दिल्याचे तिने सांगितले. मार्गदर्शकांनी सही केली, पण कपाळाला आठी घालून. तक्त्यातल्या निम्म्या ओळी गेल्या आहेत. सव्विसावी ओळ मात्र आता स्वतंत्र प्रकरण होते आहे.

सभासदांना आणि वाचकांना एक विनंती. तुमच्या माळ्यावर, जुन्या पेटाऱ्यात ‘फाल्गुनराव’ची जुनी प्रत, एखाद्या नाटक मंडळीची वही किंवा आजोबांच्या शाळेतले इंग्रजी नाटकाचे पुस्तक असेल, तर फेकण्याआधी मंडळाला कळवा. पुस्तक फाटके असले तरी चालेल. पहिल्या पानावरचे नाव, साल आणि ग्रंथालयाचा शिक्का तेवढा फाडू नका. कन्नड पुस्तक असेल तर तेही आणा. ते वाचायला मी तिच्याबरोबर बसणार आहे.